साक्षीदार नसलेला प्रयोग : बीझली समितीच्या अहवालाची चिकित्सा

१

चौकशी समित्यांचे अहवाल टीकाकाराच्या कक्षेत सहसा येत नाहीत. अहवाल वाचला जातो तो निकालासाठी. दोषी कोण आणि शिक्षा काय एवढे कळले की वाचक तो मिटून ठेवतो. परंतु काही अहवाल असे असतात की, त्यांचा निकाल जुना झाल्यावरच त्यांचे खरे वाचन सुरू होते. निकालाच्या ओळींखाली त्यांत एका व्यवसायाचे, त्याच्या रीतिरिवाजांचे आणि त्याने न विचारलेल्या प्रश्नांचे चित्र उमटलेले असते. हेन्ड्रिक श्योन व त्यांचे सहलेखक यांच्या संशोधनात वैज्ञानिक गैरवर्तन घडले असण्याच्या शक्यतेची चौकशी करून बीझली समितीने सप्टेंबर २००२ मध्ये सादर केलेला अहवाल या प्रकारचा आहे. नॅनोविज्ञानाच्या, म्हणजे अब्जांश मीटरच्या मापाने चालणाऱ्या विज्ञानाच्या, क्षेत्रात डॉक्टरेटनंतरची वाटचाल करू इच्छिणाऱ्याने एकच दस्तऐवज वाचावयाचा असेल, तर तो हा वाचावा.

प्रकरणाची हकीकत थोडक्यात अशी. यान हेन्ड्रिक श्योन हे जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठाचे १९९७ सालचे डॉक्टर. त्यानंतर ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत, न्यू जर्सीतील मरे हिल येथे, बर्ट्राम बॅटलॉग यांच्या गटात डॉक्टरोत्तर संशोधक म्हणून दाखल झाले व पुढे तेथेच कायम झाले. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा जन्म याच संस्थेत झाला होता. सेंद्रिय स्फटिकांवर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर बसवून आणि त्यातून विद्युत्क्षेत्र लावून त्या स्फटिकांना इच्छेप्रमाणे सुवाहक, किंबहुना अतिसंवाहक, करता येते असे श्योन यांचे निबंध सांगत होते. कार्बनच्या साठ अणूंच्या रेणूचे स्फटिक ५२ केल्व्हिनला, आणि पुढे त्यांत अन्य रेणू मिसळल्यावर ११७ केल्व्हिनला अतिसंवाहक होतात असा त्यांचा दावा होता. २००१ च्या अखेरीस तर एका रेणूच्या जाडीच्या थरापासून ट्रान्झिस्टर बनविल्याचे त्यांनी जाहीर केले. त्या वर्षी सरासरी दर आठ दिवसांस त्यांच्या नावाचा एक निबंध बाहेर पडत होता.

२००२ च्या वसंतात प्रिन्स्टन विद्यापीठातील लिडिया सोन आणि कॉर्नेल विद्यापीठातील पॉल मॅक्यूएन यांच्या ध्यानात एक विलक्षण गोष्ट आली. निरनिराळ्या निबंधांतील, निरनिराळ्या प्रयोगांचे म्हणून छापलेले आलेख तंतोतंत जुळत होते. इतकेच नव्हे, तर त्यांतील अनियमित थरथरही एकसारखीच होती. मापनातील ही थरथर योगायोगाची असते आणि दोन योगायोग रेषेगणिक सारखे होत नाहीत. बेल प्रयोगशाळेने मे महिन्यात पाच शास्त्रज्ञांची समिती नेमली. स्टॅनफर्डचे मॅल्कम बीझली अध्यक्ष होते, खरगपूरच्या आय. आय. टी.चे जुने विद्यार्थी आणि पर्ड्यू विद्यापीठातील प्राध्यापक सुप्रियो दत्त, २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी हर्बर्ट क्रोमर, हर्विग कोगेलनिक आणि डॉन मन्रो हे सदस्य होते. समितीने चोवीस आरोप तपासले. त्यांपैकी सोळा आरोपांत गैरवर्तन सिद्ध झाले असा निर्णय दिला. २५ सप्टेंबर रोजी अहवाल प्रसिद्ध झाला आणि श्योन यांना बडतर्फ करण्यात आले.

२

अहवालाचा पहिला गुण त्याच्या संयमात आहे. इतक्या खळबळजनक विषयावर लिहीत असता समितीने एकही विशेषण वाया घालविलेले नाही. आरोपांची तिने तीन वर्गांत विभागणी केली : एका प्रयोगाची मापने दुसऱ्याच्या जागी घालणे, मापनांत असंभवनीय अचूकता असणे, आणि ज्ञात भौतिकीशी विसंगत निष्कर्ष काढणे. ही विभागणी केवळ सोयीची नाही. तीत पुराव्याच्या बळाची उतरंड आहे. पहिल्या वर्गात आलेख आलेखावर ठेवला की वाद संपतो. दुसऱ्यात संभाव्यतेचे गणित करावे लागते. तिसऱ्यात भौतिकी स्वतःच साक्षीला उभी राहते, आणि ती साक्ष सर्वांत नाजूक, कारण नवा शोध हाही ज्ञाताशी विसंगतच असतो. समिती या तिसऱ्या वर्गात सर्वाधिक सावध आहे, हे तिच्या विवेकाचे लक्षण होय.

संयमाचा दुसरा पुरावा म्हणजे समितीने काय म्हटले नाही. श्योन यांनी वर्णिलेले परिणाम निसर्गात असूच शकत नाहीत, असे तिने कोठेही म्हटलेले नाही. तिच्यापुढील प्रश्न छापलेली मापने खरोखर घेतली गेली होती काय, हा होता. श्योन यांनी आपल्या लेखी उत्तरात चुका मान्य केल्या, आणि तरीही आपण पाहिलेले परिणाम खरे आहेत अशी श्रद्धा व्यक्त केली. समितीने त्या श्रद्धेशी वाद घातला नाही. विज्ञानात श्रद्धा हा पुरावा नव्हे, एवढेच तिच्या मौनातून सूचित होते. आणि ते मौन एखाद्या दीर्घ उपदेशापेक्षा परिणामकारक आहे.

३

अहवालाचा गाभा मात्र आलेखांच्या तुलनेत नसून काही कोरड्या नोंदींत आहे. या कामाच्या प्रयोगवह्या पद्धतशीरपणे ठेवलेल्या नव्हत्या. मूळ मापनांच्या संगणकीय नोंदी जवळजवळ सर्व पुसून टाकलेल्या होत्या. जुन्या संगणकात जागा अपुरी पडत होती, असे कारण देण्यात आले. ज्यांवर दाव्याची पडताळणी करता येईल असे एकही चालू उपकरण उरले नव्हते. काही मापनात बिघडली, काही प्रवासात मोडली, काही टाकून दिली गेली.

या नोंदींचे महत्त्व मराठी संशोधकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करताना विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी बखरींच्या प्रामाण्यावर टीका केली आणि समकालीन अस्सल कागदाला अग्रमान दिला, ही गोष्ट महाराष्ट्रातील संशोधनाच्या इतिहासात सर्वश्रुत आहे. बखरकार घटना घडून गेल्यावर लिहितो. त्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून त्याच्या कथेत सर्व काही जागच्या जागी बसते. पत्र लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे माहीत नसते. म्हणून त्याच्या पत्रात धांदल, चूक, खाडाखोड आणि निरर्थक तपशील असतो, आणि तोच त्याच्या खरेपणाचा शिक्का असतो.

वैज्ञानिक निबंध ही, या दृष्टीने पाहता, प्रामाणिक माणसाने लिहिलेली बखरच असते. तीत फसलेले नमुने नसतात, वाया गेलेले महिने नसतात. निष्कर्षाच्या दिशेने चालणारा एक सरळ रस्ता तेवढा असतो. प्रयोगवही हा अस्सल कागद होय. श्योन प्रकरणात पंचवीसएक निबंधांची बखर उपलब्ध होती आणि तिच्यामागे कागद नव्हता. नामवंत नियतकालिकांनी, त्यांच्या परीक्षकांनी आणि पारितोषिके देणाऱ्या संस्थांनी अनेक वर्षे केवळ बखर वाचून इतिहास मान्य केला. कागद दाखवा, असे म्हणण्याची पाळी शेवटी समितीवर आली, आणि तोपर्यंत दाखविण्यासारखे काही उरले नव्हते.

४

अहवालातील सर्वांत विचार करावयास लावणारे विधान याच्याही पुढचे आहे. स्फटिक व इतर मूळ द्रव्ये दुसऱ्यांनी पुरविली, हे सोडले तर उपकरणे बनविणे, मापने घेणे व त्यांवर संस्कार करणे ही सर्व कामे, किरकोळ अपवाद वगळता, श्योन यांनी एकट्याने केली. आणि महत्त्वाच्या परिणामांपैकी एकही परिणाम कोणा सहलेखकाने अथवा सहकाऱ्याने प्रत्यक्ष पाहिला नव्हता. समितीने हे वाक्य सहलेखकांना दोषमुक्त करण्याच्या ओघात लिहिले आहे. परंतु ते वेगळे काढून वाचले, तर ते एका माणसाचे वर्णन न राहता एका पदाचे वर्णन होते.

डॉक्टरोत्तर संशोधकाची स्थिती त्रिशंकूसारखी असते. त्याच्या हाती पदवी असते, पण पद नसते. तो विद्यार्थी राहिलेला नसतो, म्हणून त्याची वही तपासणे हा त्याचा अपमान समजला जातो. आणि तो अध्यापक झालेला नसतो, म्हणून त्याच्या हाताखाली शिकणारा, त्याचा प्रयोग रोज शेजारी उभा राहून पाहणारा, असाही कोणी नसतो. दोन-तीन वर्षांच्या मुदतीत त्याने काही लक्षणीय करून दाखवावे, अशी अपेक्षा असते. पुढची जागा त्यावर अवलंबून असते. गटप्रमुखाचा व त्याचा संबंध बहुधा निष्पन्न आलेखांच्या बैठकीपुरता असतो. शिष्याला गुरूची नजर लाभते आणि गुरूला शिष्याची. मधल्या या माणसाला दोन्ही नजरा नसतात.

नॅनोविज्ञानात ही एकाकी अवस्था अधिकच गडद होते. त्या क्षेत्रातील प्रयोग हाताच्या कसबावर चालतो. काही नॅनोमीटर जाडीचा थर एका हाताला जमतो आणि दुसऱ्याला जमत नाही. अनेक उपकरणे बनवावी तेव्हा त्यांतले एखादे चालते. म्हणूनच तर डॉक्टरोत्तर संशोधक एका प्रयोगशाळेतून दुसरीत नेला जातो : ग्रंथात न मावणारे कसब तो आपल्या बोटांतून वाहून नेत असतो. पण कसबाची ही खरी थोरवीच खोट्याला आडोसा देते. श्योन यांचे परिणाम अन्यत्र मिळेनात, तेव्हा दोष प्रयोगाला न लागता प्रयोग पुन्हा करणाऱ्यांच्या हातांना लागला. ऑक्साइडचा तो अपूर्व थर कोन्स्टान्झ येथील एका यंत्रावरच नीट बसतो, असे सांगितले गेले आणि ते दीर्घकाळ मान्यही झाले. मरे हिल आणि कोन्स्टान्झ यांच्यामधल्या अंतरात साक्षीदार हरवला.

५

अहवालाचा उणा भाग येथून सुरू होतो. श्योन यांच्याविषयी निश्चित आणि निःसंदिग्ध बोलणारी समिती सहलेखकांच्या प्रकरणात अडखळते. गैरवर्तनाच्या आरोपातून तिने सर्व सहलेखकांना पूर्णपणे मुक्त केले, आणि उपलब्ध पुराव्यावरून ते न्याय्यच होते. परंतु गैरवर्तन न करणे आणि जबाबदारी पार पाडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे समितीला कळत होते. म्हणून तिने व्यावसायिक जबाबदारीचा प्रश्न स्वतंत्रपणे उपस्थित केला. तो अत्यंत कठीण आहे, वैज्ञानिक समाजाने त्याचा काळजीपूर्वक विचार केलेला नाही आणि सर्वमान्य निकष अस्तित्वात नाहीत, अशी तिची भूमिका आहे. मग तिने एक तात्पुरता निकष बनविला. सहकार्याला अवश्य असलेला विश्वास आणि निष्कर्षांच्या खरेपणाची जबाबदारी यांचा तोल साधावा, असा त्याचा आशय आहे. या निकषावर बहुतेक सहलेखक उतरले; बॅटलॉग यांच्याबाबत मात्र प्रश्न शिल्लक राहतात व ते सोडविण्यास आपण समर्थ नाही, असे समितीने नमूद केले.

ही कबुली प्रामाणिक आहे. पण तिची रचना तपासण्यासारखी आहे. व्यवसायाने निकष ठरविला नाही, म्हणून समिती निर्णय देऊ शकत नाही. आणि व्यवसायाने निकष का ठरविला नाही, हे विचारणे समितीच्या कार्यकक्षेत नाही. अशा रीतीने प्रश्न हातोहात पुढे सरकतो आणि कोणाच्याच दाराशी थांबत नाही. त्यातही तोल या शब्दात एक गृहीत लपलेले आहे. विश्वास आणि तपासणी ही तराजूची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येते, असे तो शब्द सुचवितो. वस्तुतः कारागिरीच्या कोणत्याही परंपरेत असे नसते. सराफ सोने कसाला लावतो तेव्हा गिऱ्हाइकावर अविश्वास दाखवीत नाही. कसोटी ही व्यवहाराची रीतच असते, आणि ती सर्वांना सारखी असल्यामुळे कोणाचाच अपमान होत नाही. तपासणी जेथे अपवाद असते तेथेच ती संशय ठरते. सहलेखकाने वर्षातून एकदा प्रयोग चालू असता शेजारी उभे राहावे, मूळ नोंदी पाहाव्यात, अशी साधी रीत असती, तर विश्वास आणि जबाबदारी यांमध्ये निवड करण्याचा प्रसंगच आला नसता. ही रीत सुचविण्याइतकी सामग्री अहवालातच आहे. पण ती सूचना अहवालात नाही.

६

यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. डॉक्टरोत्तर संशोधक जगभर आहेत. सर्वांवर मुदतीचे दडपण असते, अनेकांना साक्षीदार नसतो. तरीही त्यांतील बहुतेक जण मापने बनवीत नाहीत. मग एका माणसाच्या अपराधाचा भार पदाच्या रचनेवर टाकणे म्हणजे अपराध्याला पळवाट देणे नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर अपराध आणि त्याचे आयुष्य या भेदात आहे. खोटे मापन लिहिले जाते ते एका माणसाच्या इच्छेने; त्याची जबाबदारी त्याचीच, आणि समितीने ती निःसंकोचपणे त्याच्यावर ठेवली हे योग्यच झाले. परंतु ते खोटे चार महिने टिकेल की चार वर्षे, हे त्या इच्छेवर अवलंबून नसते. ते सभोवतालच्या रीतीवर अवलंबून असते. कुलूप नसलेल्या घरात चोरी झाली तर चोर निर्दोष ठरत नाही. पण घरमालकाने केवळ चोराच्या स्वभावाची चर्चा करीत बसावे, हेही शहाणपणाचे नाही. शिवाय श्योन प्रकरणातील घरमालक गाफील होता असेही म्हणवत नाही. तो आनंदात होता. अमेरिकेच्या अध्यक्षांनी जानेवारी २००० मध्ये राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान योजना जाहीर केली होती. बेल प्रयोगशाळेची मालक असलेली ल्यूसेंट कंपनी २००१ साली आर्थिक संकटात होती. अशा वेळी दर आठवड्यास येणारा चमत्कार तपासून पाहण्याची घाई कोणाला असणार?

आणि या आनंदाची किंमत कोणी मोजली, हाही प्रश्न आहे. समितीच्या कार्यकक्षेत तो येत नव्हता, म्हणून अहवाल त्याविषयी मुका आहे. अनेक देशांतील तरुण संशोधकांनी हे परिणाम पुन्हा मिळविण्यासाठी महिनेच्या महिने खर्ची घातले. त्यांत डॉक्टरेटचे विद्यार्थी होते, मुदतीच्या पदावरचे डॉक्टरोत्तर संशोधकही होते. ज्येष्ठ प्राध्यापकाचा एक प्रकल्प फसतो. तरुणाचे पदच फसते. आपल्या हाताला कसब नाही, अशी शंका घेऊन जे या क्षेत्रातून निघून गेले असतील, त्यांची नावे कोणत्याही परिशिष्टात येणार नाहीत. निबंध मागे घेता येतात, आणि ‘सायन्स’ने २००२ च्या अखेरीस आठ व ‘नेचर’ने २००३ साली सात निबंध मागे घेतलेही. वाया गेलेली वर्षे मात्र कोणाला मागे घेता येत नाहीत.

७

अहवालाने अर्धवट सोडलेला प्रश्न पुढे दोन ठिकाणी हाताळला गेला. त्यांची तुलना उद्‌बोधक आहे. पहिले ठिकाण न्यायालयाचे. कोन्स्टान्झ विद्यापीठाने २००४ साली श्योन यांची डॉक्टरेट काढून घेतली. प्रबंधात बनावट आढळली, हे त्याचे कारण नव्हते. पुढील वर्तनामुळे ते त्या पदवीस अपात्र ठरले, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. २०१० साली खालच्या न्यायालयाने श्योन यांच्या बाजूने कौल दिला; २०११ साली वरिष्ठ न्यायालयाने तो फिरविला; २०१३ साली संघराज्याच्या प्रशासकीय न्यायालयाने आणि २०१४ साली घटनात्मक न्यायालयाने विद्यापीठाचा निर्णय कायम राहू दिला. पदवी ही संपलेल्या कामाची पावती नसून पुढे पाळावयाच्या शब्दाची खूण आहे, असा या निर्णयाचा मथितार्थ होतो. तो तत्त्वतः उदात्त आहे. पण पुन्हा एकदा तो एका व्यक्तीपुरताच आहे.

दुसरे ठिकाण व्यवसायाच्या स्वतःच्या सभेचे. अमेरिकन फिजिकल सोसायटीने नोव्हेंबर २००२ मध्येच सहलेखकांच्या जबाबदारीविषयीचे आपले नियम वाढविले. त्यानंतर तिच्या कार्यगटाने संस्थेच्या कनिष्ठ सदस्यांना, म्हणजे नुकतीच डॉक्टरेट घेतलेल्यांना, नीतिविषयक प्रश्न विचारले. उत्तरे केवळ बनावट मापनांपुरती राहिली नाहीत. हाताखालच्या माणसांना वरिष्ठ कसे वागवितात, हे त्यांत ठळकपणे पुढे आले. एप्रिल २००४ मध्ये संस्थेने या विषयावर स्वतंत्र निवेदन स्वीकारले. प्रामाण्याचा प्रश्न आणि वागणुकीचा प्रश्न एकच आहे, ही गोष्ट पाच नामवंतांच्या समितीला सांगता आली नव्हती. ती तरुणांना विचारल्याबरोबर त्यांनी सांगितली. ज्याच्या प्रयोगापाशी कोणी उभे राहत नाही, त्याच्या अडचणीपाशीही कोणी उभे राहत नाही.

८

या सर्व विवेचनावरून अहवालाची योग्यता कमी ठरते असे नाही. चार-साडेचार महिन्यांत, कागद नष्ट झालेले असता, पाच माणसांनी जे सिद्ध केले ते संशोधनपद्धतीचा आदर्श म्हणून शिकविण्यासारखे आहे. त्यांनी आपल्या पुराव्याच्या पलीकडे एक पाऊलही टाकले नाही. त्यांच्या कार्याची मर्यादा हीच त्यांची शिस्तही होती, आणि तिच्याबद्दल त्यांना दोष देणे अनुचित ठरेल. दोष द्यावयाचा तर तो त्या वाचकांना, ज्यांनी अहवालातील एक नाव वाचले आणि बाकीचे सोडून दिले.

एका नावाचा निवाडा झाला की व्यवसायाला हायसे वाटते. परंतु नाव जाते आणि पद उरते. त्या पदावर उद्या दुसरा कोणी बसणार असतो. बहुधा प्रामाणिक, बहुधा थकलेला, आणि मुदत संपत आल्यामुळे धास्तावलेला. त्याच्या वहीचे पान वेळच्या वेळी कोणी उघडले, त्याच्या उपकरणावरील काटा हलताना आणखी एका माणसाने पाहिला, आणि आज काही जमले नाही हे वाक्य त्याला निःशंकपणे लिहिता आले, तर बीझली समितीसारख्या समितीची गरज क्वचितच पडेल. अहवालाने हे कोठे म्हटलेले नाही. तरी त्याच्या प्रत्येक नोंदीतून निघणारा अर्थ एवढाच आहे.